112 रुपयांची पावती



श्रावण आणि भाद्रपद असे दोन महिने काही लिहून झालं नाही. पर्वाची गडबड होतीच, पण खरं कारण वेगळं. घरात एक वाद चालला होता, आणि वाद चालू असताना लिहायला बसलं की माणूस स्वतःचीच बाजू लिहितो. आता जरा शांत झालंय, म्हणून सांगते. विषय घरभाड्याचा आहे. आपल्यापैकी कुणाच्या घरात जुना भाडेकरू असतो, कुणाचा फ्लॅट भाड्याने दिलेला असतो, कुणाची मुलं परगावी भाड्याने राहतात. आमच्याकडे तिन्ही आहेत.

आमचा वाडा पुण्यात, पेठेत. आजेसासरे सांगलीकडून भांड्यांच्या धंद्यासाठी इथे आले आणि दुकान चालायला लागल्यावर त्यांनी हा वाडा घेतला. दोन चौक, कडीपाटाचं छत, वर मंगलोरी कौलं. पुढच्या भागात आम्ही आणि धाकटे दीर-जाऊबाई. मागच्या चौकात एक सोपा आणि एक खोली, तिथे काकू राहतात. आमच्या घरी त्यांना सगळे 'सोप्यातल्या काकू' म्हणतात. 1969 साली लग्न होऊन त्या याच सोप्यात आल्या, म्हणजे मी या घरची सून होण्याच्या बावीस वर्षं आधी. काकांना जाऊन बारा वर्षं झाली. एकच मुलगी, ती साताऱ्याला दिलेली. काकू आता 78 वर्षांच्या आहेत.

दर महिन्याच्या पाच तारखेला सकाळी काकू पाकीट घेऊन येतात. शंभराची एक नोट, दहाची एक आणि दोन रुपयांचं नाणं. मी पावती लिहून देते. भाडं घेतलं की पावती देणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे, हे मामंजींनी मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. ते गेल्यापासून भाड्याची वही माझ्याकडे आहे. लाल कापडी बांधणीची, आतली पानं पिवळी पडलेली. तिच्यात 1969 सालचं भाडं आहे 28 रुपये. पुढे घरपट्टी-पाणीपट्टीच्या वाढीपोटी थोडं थोडं वाढत 2000 साली 40. आणि आज 112.

या श्रावणात पाच तारखेला काकू आल्या त्याच दिवशी संध्याकाळी मुंबईहून मुलाचा फोन आला. त्याने जुलैत घर बदललं. एका खोली-स्वयंपाकघराचं भाडं 38,000, डिपॉझिट दीड लाख, वर दलालाला एक महिन्याचं भाडं. "आई, जुन्या घरमालकाने डिपॉझिटमधले 22,000 कापले. रंगाचे म्हणे." मी पदर खोचून त्या न पाहिलेल्या मालकाला चार शब्द बोलून घेतलं. मुलगा हसला आणि म्हणाला, "तूही मालकीणच आहेस की."

तेव्हा ते हसण्यावारी गेलं. रात्री मात्र डोक्यात बसलं.

आधी 112 रुपयांचा हिशोब सांगते, कारण आमच्या घरातल्या भांडणाचं मूळ तिथे आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आणि फाळणीच्या दिवसांत शहरांत माणसं लोटली, घरं अपुरी पडली, मालक मागतील ते भाडं घेऊ लागले. म्हणून 1947 साली मुंबई प्रांतात भाडे नियंत्रणाचा कायदा आला. जुन्या भाड्यांसाठी 1 सप्टेंबर 1940 ही तारीख धरली आणि त्या दिवशीचं भाडं तेच प्रमाण भाडं ठरलं. भाडेकरू ते भाडं देतोय आणि नीट राहतोय तोवर त्याला काढता येत नाही. त्या वेळी ते योग्यच होतं. हा कायदा नसता तर काकूंच्या सासऱ्यांसारख्या छापखान्यातल्या कामगाराला पेठेत बिऱ्हाड थाटता आलं नसतं.

पण तात्पुरता म्हणून आलेला तो कायदा मुदत वाढत वाढत पन्नास वर्षं राहिला. सोनं, तूप, गवंड्याची मजुरी सगळं वाढलं. भाडं तिथेच. 1973 साली आणखी एक दुरुस्ती झाली. 1 फेब्रुवारी 1973 या दिवशी जे कुणी 'लिव्ह अँड लायसन्स'वर राहत होते त्यांना भाडेकरूचंच संरक्षण मिळालं. शेजारच्या वाड्यात तात्पुरती म्हणून दिलेली एक खोली अशी कायमची गेली. मामंजींनी त्याचा धसका घेतला. आमच्या देवडीशेजारची खोली तेव्हा नुकतीच रिकामी झाली होती. त्यांनी तिला कुलूप लावलं, ते लावलंच. मी या घरात आले तेव्हापासून त्या खोलीत फक्त दुकानातले जुने हंडे आणि घंगाळी. ज्या शहरात माणसं एका खोलीसाठी वणवण करत होती, तिथे भीतीपोटी अशा किती खोल्या कुलपात गेल्या असतील!

डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की इतकी वर्षं गोठवलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही. मग महाराष्ट्राचा नवा भाडे नियंत्रण कायदा 1999 चा म्हणून आला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. मला आठवतं, मामंजी वर्तमानपत्र घेऊन ओसरीवर बसले होते. त्यांना वाटलं, आता न्याय झाला. नंतर त्यांनी वहीत आकडे मांडले. भाड्यात एकदाच 5 टक्के वाढ आणि पुढे दर वर्षी 4 टक्के. 40 चे झाले 42. पुढे चक्रवाढीने पंचवीस वर्षांत 112. वर्षाचे 1,344. वाड्याची नुसती घरपट्टी त्याच्या कितीतरी पट येते. भाऊजी म्हणतात, "वहिनी, आपणच काकूंना भाडं देतोय," ते अगदीच खोटं नाही.

मोठ्या कंपन्या आणि बँका यांना त्या कायद्याने संरक्षणातून वगळलं. म्हणजे एखाद्या जुन्या इमारतीत खाली बँक बाजारभावाने भाडं देते आणि वरच्या मजल्यावर कुणाची आजी शंभर रुपये देते. कायदा बदलला, पण जुन्या मालकाची आणि जुन्या भाडेकरूची गाठ सुटली नाही.

या श्रावणात पाऊस असा लागला की काकूंच्या सोप्यात चार ठिकाणी गळायला लागलं. एक तुळई आतून कुजली होती. मी सकाळी पाणी गाळायला उठले तर मागून परातीत थेंब पडल्याचा टप टप आवाज. जाऊन पाहिलं तर काकू कॉटवर पाय वर घेऊन बसलेल्या आणि जमिनीवर पातेली, परात, बादली मांडलेली.

मी म्हटलं, "काकू, सांगायचं नाहीत का?"

"काय सांगायचं सूनबाई? मागच्या वर्षी सांगितलं होतं. तुमचे हे म्हणाले, बघू."

खरं होतं. आम्ही वाडा मुद्दाम पडू दिला नाही, पण उभा राहावा म्हणूनही काही केलं नाही. कायद्यात दुरुस्तीची जबाबदारी मालकाची आहे. मालकाने नाही केली तर भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. काकूंच्या बाबतीत ते होतात 336 रुपये. एवढ्यात कौलं उतरवून चढवण्याची एका माणसाची मजुरीसुद्धा सुटत नाही. ज्या स्वस्त भाड्याने काकूंना छप्पर दिलं, त्याच भाड्यापायी ते छप्पर गळायला लागलं होतं.

त्याच आठवड्यात भाऊजी एका बिल्डरचा निरोप घेऊन आले. वाडा पाडून चार मजले. पण मागचा भाग रिकामा हवा, भाडेकरूचं तुम्ही बघा, अशी त्याची अट. ह्यांनाही ते पटलं. दोघांचंही चुकत नव्हतं. भाऊजींच्या मुलीचं शिक्षण आहे, दुकान पूर्वीसारखं चालत नाही, आणि वाडा नावाला लाखोंचा असला तरी त्यातून हाताला काही लागत नाही.

मग वकील आले. त्यांनी कायदा नीट समजावला. भाडेकरूला काढायला ठरावीक कारणं लागतात. त्यातलं एक म्हणजे मालकाला स्वतःला राहण्यासाठी जागेची वाजवी आणि खरीखुरी गरज असणं. तेवढ्यानेही भागत नाही. जागा दिली तर मालकाला किती अडचण आणि काढलं तर भाडेकरूला किती, हे न्यायालय तोलून बघतं. हे ऐकून मला बरं वाटलं. कायद्यात असा तराजू असेल हे मला माहीत नव्हतं.

पुढचं ऐकून मात्र हात थांबला. वकील म्हणाले, "तुमचा मुलगा मुंबईची नोकरी सोडून परत येतोय, लग्न ठरतंय, पुढचा भाग अपुरा पडतो, असं लिहू. चौघांच्या सह्या लागतील." मामंजींनी मृत्युपत्रात वाडा दोन्ही मुलांच्या आणि दोन्ही सुनांच्या नावावर केला आहे. म्हणून चौघांच्या.

मी म्हटलं, "पण तो येत नाहीये."

वकील म्हणाले, "उद्या येऊ शकतो की."

कागद तयार होऊन आला तेव्हा दशलक्षण पर्व सुरू झालं होतं. तिसरा दिवस, उत्तम आर्जव. मराठीत आपण आर्जव म्हणजे विनवणी समजतो. धर्मात त्याचा अर्थ सरळपणा. मनात एक, तोंडी दुसरं आणि हातून तिसरं असं नसणं. बाहेर गणपतीचे ढोल वाजत होते. मी एकाशन करून सूर्यास्ताच्या आत सगळं आवरलं होतं आणि सामायिकाला बसणार, तर ह्यांनी कागद पुढे ठेवला. खाली लिहिलं होतं, वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.

मी म्हटलं, "आज नको."

हे म्हणाले, "उद्या करशील?"

मी गप्प बसले. ह्यांना कळलं. "सगळेच करतात गं. कोर्टात असंच असतं. आणि त्या तरी कुठे बाजारभाव देतात? कायदाच अन्यायाचा असेल तर त्याच्यापुढे एक ओळ खोटी लिहिली म्हणून काय बिघडलं?"

हा प्रश्न वरवरचा नव्हता. रात्रभर मी त्याच्याशी भांडले. कायद्याने आमच्यावर अन्याय केला असेल, तर तो काकूंनी केलेला नव्हता. आणि ती एक ओळ कायद्याविरुद्ध जाणार नव्हती, ती जाणार होती परातीत पाणी धरून बसलेल्या एका बाईविरुद्ध. सकाळी मी मुलाला फोन केला. "तू परत येणार आहेस का रे पुण्याला?" तो म्हणाला, "नाही. का?" मी सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, माझं नाव घेऊन नको."

मी सही केली नाही. त्यानंतर घरात काय झालं ते सगळं लिहीत नाही. भाऊजी दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. जाऊबाईंनी प्रक्षाळासाठी मंदिरात वेगळ्या वेळी जायला सुरुवात केली. पर्वात घरात असं असावं याचं फार वाईट वाटलं.

पण मी कुणी सत्यवान आहे असं समजू नका. सत्याच्या दिवशी मंदिरात स्वाध्याय होता. तत्त्वार्थसूत्रात सत्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, म्हणजे व्रत मोडलं असं उघड वाटत नाही पण डाग लागतो अशा गोष्टी. त्यात एक आहे कूटलेखक्रिया, खोटा लेख करणं. तो ऐकताना मला मनातून जरा अभिमानच वाटला. पंडितजी पुढे गेले. न्यासापहार. कुणी आपल्याकडे ठेव ठेवली, किती ठेवली ते तो विसरला आणि कमी मागितली, तर 'हो, एवढीच होती' म्हणून कमी देणं. खोटं मोठ्याने बोललेलं नाही, नुसतं देताना हात आखडला.

माझं तोंड उतरलं.

सिंहगड रस्त्याला आमचा एक लहान फ्लॅट आहे. तो आम्ही लिव्ह अँड लायसन्सवर देतो. नव्या कायद्याने मालकाची भीती कमी केली ती इथे. मुदत संपली की जागा सोडावी लागते, नाही सोडली तर सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट रक्कम भरपाई म्हणून मागता येते. करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही असं अजून पुष्कळजण सांगतात, पण महाराष्ट्रात ते चालत नाही. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नाही आणि वाद झाला, तर विरुद्ध शाबीत होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात. शिवाय मालकाला दंड किंवा कैदही होऊ शकते.

त्या फ्लॅटमध्ये नांदेडकडचं एक जोडपं तीन वर्षं राहिलं. दोघंही नोकरीला, एक लहान मुलगी. दर महिन्याला वेळेवर 19,000. 2022 साली ती दोघं सोडून गेली तेव्हा भिंतीवर मुलीने पेन्सिलीने काढलेल्या रेघा होत्या, दोन-चार खिळ्यांची भोकं होती. आम्ही 60,000 च्या डिपॉझिटमधले 15,000 रंगाचे म्हणून कापले. त्या फ्लॅटला सहा वर्षं रंग दिलेला नव्हता. तो आम्हाला द्यायचाच होता. त्या मुलीने हिशोब मागितला नाही. "ठीक आहे काकू," एवढंच म्हणाली. मी पैसे कापून तिच्या हातावर तिळाचे लाडू ठेवले होते.

आणखी एक सांगते. दलालाला आम्ही नेहमी सांगतो, शाकाहारी कुटुंबच पाठव. स्वयंपाकघराबाबत माझं मन अजूनही तिथेच आहे, ते लपवत नाही. पण मुलाला मुंबईत तीन ठिकाणी 'बॅचलर नको' म्हणून दारातूनच परत पाठवलं, तेव्हा मी म्हटलं होतं, माणूस कसा आहे ते तरी बघायचं. आमच्या दारातून असे किती परत गेले, ते दलालाला माहीत. मी कधी विचारलं नाही.

डिपॉझिटवरून ही भांडणं घरोघरी आहेत. 2 जून 2021 रोजी केंद्र सरकारने आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली, त्यात याचा विचार आहे. राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको. भाडेकरूच्या घरात जायचं तर मालकाने चोवीस तास आधी कळवावं. उलट बाजूने, मुदत संपून भाडेकरू राहिला तर पहिले दोन महिने दुप्पट भाडं आणि मग चौपट. वादासाठी वेगळं भाडे प्राधिकरण आणि भाडे न्यायालय. तो मसुदा स्वीकारायचा की नाही हे राज्यांवर सोडलं आहे, आणि तो पुढच्या करारांसाठी आहे. दोन महिन्यांच्या नियमाने मुलाच्या दीड लाखाचे 76,000 झाले असते. पण आमच्या सोप्यातल्या 1969 च्या भाड्याला त्याने धक्का लागत नाही. ती गाठ आमची आम्हालाच सोडवायची होती.

म्हणून एका दुपारी मी काकूंकडे जाऊन बसले. वाद त्यांच्या कानावर गेलाच होता, वाड्यात काही लपत नाही. मी म्हटलं, "काकू, छप्पर दुरुस्त करायचंय. तीन-चार महिने तुम्हाला दुसरीकडे राहावं लागेल."

काकू चहा गाळत होत्या. हात थांबला. "सूनबाई, मी साताऱ्याला गेले की परत येणं होत नाही. समोरच्या वाड्यातल्या जोशीणबाई रंगकामापुरत्या गेल्या होत्या. आता तिथे पार्किंग आहे."

"काकू, दुरुस्तीसाठी जागा घेतली तर परत द्यावीच लागते. कायद्यात आहे तसं."

"कायद्यात पुष्कळ आहे गं. कोर्टात कोण जाणार, मी?" मग जरा थांबून म्हणाल्या, "हजार रुपये देत जाईन महिन्याला. पेन्शन आहे बालवाडीची थोडी. मला काय कळत नाही का, 112 मध्ये काय येतं ते? दर पाच तारखेला पाकीट देताना मला लाज वाटते."

इतक्या वर्षांत हे मला एकदाही सुचलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, काकू मजेत आहेत. त्यांना लाज वाटत होती आणि आम्हाला राग येत होता, आणि मधे दर महिन्याला एक पावती.

वकिलांना विचारलं. ठरलेल्या भाड्यापेक्षा जास्त घेणं कायद्याला मंजूर नाही, म्हणाले. म्हणजे काकूंना द्यायचे आहेत आणि आम्हाला घेता येत नाहीत. तुम्ही हसाल, पण आमच्या घरात दोन आठवड्यांनी सगळ्यांना एकदम हसू आलं ते यावर.

शेवटी असं ठरलं. काकूंना साताऱ्याला पाठवायचं नाही. देवडीशेजारची कुलूपबंद खोली उघडायची. पन्नास वर्षांत तिचा कुणालाच उपयोग झाला नव्हता. दुरुस्ती होईपर्यंत काकू तिथे राहतील. सोप्याची किल्ली त्यांच्याकडेच राहील. काम झाल्यावर जागा त्यांची त्यांना परत मिळेल आणि पुढे कधी वाडा पाडून बांधला तर त्यांच्या हयातीत तेवढीच जागा तळमजल्यावर द्यायची, हे लिहून चौघांनी सह्या केल्या. भाऊजींनी सगळ्यात शेवटी केली. बिल्डरला तूर्त नाही सांगितलं. दुरुस्तीला दोन लाखांच्या वर खर्च येणार आहे, तो सध्या आम्ही करतोय. भाऊजी त्यात भाग घेतील की नाही, ते अजून ठरलेलं नाही. घराची वाटणी कधीतरी होईल आणि तेव्हा हा विषय पुन्हा निघेल. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही.

खोली उघडली तेव्हा हंडे, घंगाळी, एक मोडकी पितळी समई आणि मामंजींच्या हातचं एक कुलूप निघालं. परिग्रहाची मर्यादा घालायची म्हणतात तेव्हा आपण साड्या आणि दागिने मोजतो. सूत्रात त्या यादीत सगळ्यात आधी शेत आणि घर आहे, हे मी विसरले होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंचं सामान तिथे आलं. सगळं मिळून दोन ट्रंका, एक कॉट, शिलाई मशीन आणि देवघर.

क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्यांना फोन करतो. त्या दिवशी मी नांदेडच्या त्या मुलीचा नंबर शोधला. ह्यांना आधी सांगितलं. हे म्हणाले, "15,000? तीन वर्षांनी?" मग स्वतःच बँकेचं पासबुक काढून दिलं. फोनवर ती ओळखेचना. मी सांगितलं, रंगाचे पैसे आम्ही चुकून नाही, जाणून कापले होते. क्षमा मागते आणि पैसे पाठवते. ती जरा वेळाने म्हणाली, "काकू, तेव्हा आम्हाला पुढच्या घराच्या डिपॉझिटला तेवढेच कमी पडत होते. माझी बांगडी ठेवली होती." आणि मग, "जाऊ दे, तुम्ही फोन केलात." आता बोलताना तिची मुलगी मागून विचारत होती, कोण आहे, कोण आहे.

मुलाचे 22,000 परत आलेले नाहीत. त्याने मालकाला पत्र पाठवलंय. सोडताना भिंतींचे फोटो काढले नव्हते, त्यामुळे त्याचं म्हणणं लंगडं पडतंय.

म्हणून ज्यांची मुलं भाड्याने राहतात त्यांना सांगते, घरात शिरताना आणि सोडताना दोन्ही वेळा भिंती, नळ, फरशी, मीटर यांचे फोटो काढायला लावा. रंगाचा खर्च कुणाचा ते करारातच लिहून घ्या. करार नोंदवल्याची प्रत स्वतःकडे ठेवा. आणि ज्या माझ्यासारख्या मालकिणी आहेत त्यांनी डिपॉझिटची रक्कम खर्चात धरू नये, ती ठेव आहे, वेगळी ठेवावी. जुना भाडेकरू असेल तर पावसाळ्याआधी एकदा त्याच्या छपराखाली जाऊन बसावं, आणि पावती न चुकता द्यावी.

कालच पाच तारीख होती. काकू देवडीतून आल्या, आता चार पावलांवरच तर आहेत. पाकिटात 112 रुपये होते आणि सोबत वाटीभर भोपळ्याचे घारगे. कंद नाही, रात्रीचं नाही, माझ्या नियमाला चालेल असं बघून दुपारीच केलेले. मी पावती लिहिली. त्यांनी चष्मा लावून ती नीट वाचली, घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली, गेली छपन्न वर्षं ठेवतात तशी.